रस्त्यावरची खूण आणि गावातली भुमका



मंचरहून भीमाशंकरकडे निघालं, की घोडेगावच्या पुढं आपली शिनोली लागते. या रस्त्यावर कितीतरी खुणा आहेत. डोक्याला रंग दिलेले किलोमीटरचे दगड, विजेच्या खांबांवरचे आकडे, झाडांच्या बुंध्यांवरचे तांबडे नंबर, बांधालगत मधेच उगवलेला एखादा पांढरा ठोकळा. यातली प्रत्येक खूण कुणीतरी कामासाठी केलेली असते. ज्यानं केली त्याला ती कळते. बाकीचे आपण येता-जाता बघतो आणि मनानं अर्थ लावतो. सकाळी पाणवठ्यावर लावलेला अर्थ संध्याकाळी शेजारच्या गावात बातमी होऊन पोचतो. त्याला आपण भुमका म्हणतो, आवई म्हणतो, कुणी म्हणतं कंडी पिकली.

आजच्या भाषणाचा विषय हाच आहे. वाटेवरच्या खुणा आणि त्यांच्यावरून उठलेल्या आवया यांचा इतिहास. विषय गमतीचा वाटेल, पण यात माणसांचे जीव गेलेले आहेत. आणि सुरुवात करायला लांब जायला नको, आपल्या जुन्नरला गेलं तरी पुरे.

जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाट आहे. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या राज्यात कोकणातल्या बंदरांवरचा माल याच घाटानं वर जुन्नरला यायचा. घाटाच्या माथ्यावर दगडाचा मोठा रांजण आहे. तो पाहिला नाही अशी बाई आपल्याकडं विरळाच, सहल तिथं जातेच. रांजण दाखवून आपण पोरांना सांगतो, की व्यापारी यात जकातीची नाणी टाकायचे, म्हणून हा नाणेघाट. दुसरी गोष्ट नाना आणि गुणा या दोन भावांची. दोघांनी घाट खोदायची पैज लावली, नानाचा घाट आधी झाला, म्हणून नानाचा घाट.

दोन्ही गोष्टी ऐकायला गोड आहेत. पण त्याच घाटात एक लेणं आहे आणि त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत मोठा लेख कोरलेला आहे. वाटेनं जाणारे-येणारे शेकडो वर्षं तो लेख बघत होते, पण वाचणारं कुणी उरलं नव्हतं. लिपीच विसरली गेली होती. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकात या लेण्याची माहिती छापली. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपनं ब्राह्मी लिपी उलगडली. पुढं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी या लेखावर मोठं काम केलं. तेव्हा कळलं की लेखात रांजणाचा विषयच नाही, जकातीचाही नाही. तो एका राणीनं केलेल्या दानांचा हिशेब आहे. कोणता यज्ञ केला, त्यात किती गाई दिल्या, किती घोडे, किती कार्षापण नाणी. आकडे हजारांत आहेत. ही राणी नागनिका, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पहिल्या सातकर्णीची ती राणी. लेखात ती स्वतःबद्दल महिना-महिना उपास करणारी, घरात राहून तपस्विनीसारखी वागणारी असं सांगते. म्हणजे नवऱ्यामागं राज्याचा भार सांभाळणारी बाई.

भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता पावलांच्या खुणा तेवढ्या राहिल्यात, वर नावं आहेत. त्यात नागनिकेचं नाव राजाच्या नावाबरोबर कोरलेलं आहे.

आता विचार करा. बाईनं स्वतःच्या व्यवहाराची वहीच दगडावर लिहून ठेवली होती, तीही चालत्या रस्त्यावर, सगळ्यांना दिसावी म्हणून. लिपी गेली, तशी वही मुकी झाली. मग रांजणाची गोष्ट पुढं आली, नाना-गुणाची आली, आणि राणी मात्र गोष्टीतून गेली. जी खूण वाचता येत नाही तिच्याबद्दल माणसं गप्प बसत नाहीत, गोष्ट रचतात. त्यात वाईट काही नाही. पण रचलेल्या गोष्टीत कोण राहतं आणि कोण गळतं, हे बघायला हवं.

दुसरी खूण अशी आहे की तिच्याबद्दल बायकांच्या घोळक्यातसुद्धा दबक्या आवाजात बोलतात. तिचं नाव गधेगाळ. कोकणात या दगडांची संख्या जास्त, घाटावरही काही ठिकाणी आहेत. वर चंद्र-सूर्य, मधे कधी लेख, आणि खाली गाढव आणि बाई यांचं अभद्र चित्र. शेताच्या कडेला, गावच्या वेशीवर, देवळाच्या आवारात असा दगड सापडतो. कुठं त्याला अपशकुनी ठरवून पालथा घातलेला असतो. कुठं शेंदूर फासून त्याची देवी केलेली असते. कुठं खाली धन पुरलंय म्हणून रात्री खणलेलं असतं.

खरं काय, तर तो दानपत्राचा दगड आहे. शिलाहार आणि यादव राजांच्या काळात राजानं किंवा अधिकाऱ्यानं जमीन दान दिली, की हद्दीवर असा दगड उभा करायचे. चंद्र-सूर्य म्हणजे ते आकाशात असेपर्यंत हे दान चालेल. खालचं चित्र म्हणजे शिवी. जो हे दान मोडेल त्याच्या आईला ही शिवी लागो. मुंबईत परळला मिळालेला शके ११०८ चा, म्हणजे इसवी सन ११८७ चा शिलाहार राजा अपरादित्याचा लेख प्रसिद्ध आहे. त्याचा मुख्य मजकूर संस्कृतात आणि शिवी मराठीत आहे. व्यवहार शहाण्यांच्या भाषेत लिहिला आणि धमकी लोकांच्या भाषेत. ज्याला अक्षर येत नाही त्याच्यासाठी चित्र होतंच.

म्हणजे हा सरकारी बोर्ड होता, त्या काळचा. त्यात धन नाही आणि भूतही नाही. पण मैत्रिणींनो, एक गोष्ट त्यात खरीच वाईट आहे. जमीन मोडणारा पुरुष आणि शिवी त्याच्या आईला. आठशे वर्षं होऊन गेली, आजही बांधावरून भांडण झालं की शिवी आईबहिणीचीच निघते. गधेगाळ बघून लाज वाटायचीच असेल तर ती या गोष्टीची वाटावी. दगड मात्र पुरू नये, फोडू नये. तो आपल्या भाषेचा जुना कागद आहे.

पुढं इंग्रज आले आणि त्यांनी रस्त्याला आकडे लावले. मुंबईत एकोणिसाव्या शतकात मैलाचे दगड बसवले. ते अंतर मोजलेलं होतं फोर्टमधल्या सेंट थॉमस चर्चपासून. ज्या चर्चवरून चर्चगेट हे नाव पडलं तेच हे चर्च. दगडांवर रोमन आकडे आणि इंग्रजी मजकूर. बैलगाडी हाकणाऱ्याला त्यातलं काय कळणार? काळाच्या ओघात रस्ते उंच होत गेले आणि यातले बरेच दगड फुटपाथखाली गाडले गेले. अलीकडं त्यातले काही उकरून काढून नीट उभे केलेत. पुण्यात जीपीओसमोर शून्य मैलाचा दगड आहे, तोही असाच बरीच वर्षं लोकांच्या नजरेआड होता.

पण मैलाच्या दगडाची मला आवडणारी गोष्ट बंगालमधली आहे. ईश्वरचंद्र विद्यासागर आठ-नऊ वर्षांचे असताना वडिलांबरोबर आपल्या गावाहून कलकत्त्याला पायी निघाले. वाटेत दर मैलाला दगड दिसायचा. पोरानं विचारलं, हे पाट्यावरवंट्यासारखे दगड कशाला पुरलेत? वडिलांनी सांगितलं की हे मैलाचे दगड, यावर इंग्रजी आकडे आहेत. पोरगं एकेक दगड बघत चाललं आणि कलकत्ता येईपर्यंत इंग्रजी आकडे शिकलं. याच विद्यासागरांनी पुढं खटपट केली आणि १८५६ साली विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याची मान्यता मिळाली. सांगायचं हे, की विचारायला माणूस जवळ होता आणि त्यानं वैतागून न जाता उत्तर दिलं. अनोळखी खुणेपुढं याच्याइतका चांगला उपाय दुसरा नाही.

आवई अडाणी माणसंच उठवतात असं कुणी म्हणालं, तर त्याला १८९४ सालची गोष्ट सांगा. त्या वर्षी उत्तर बिहारमध्ये आंब्याच्या झाडांवर चिखलाचे थापे दिसायला लागले. चिखलात जनावरांचे केस चिकटवलेले. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात थापे वाढत गेले. लोक गोंधळले, पण सगळ्यात जास्त घाबरले ते इंग्रज साहेब. १८५७ च्या आधी उत्तर हिंदुस्थानात गावोगाव चपात्या फिरल्या होत्या आणि मागोमाग बंड झालं होतं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. चौकश्या झाल्या, वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने भरले. बंड काही झालं नाही. कुणी म्हटलं साधूंची खूण असेल, कुणी म्हटलं जनावरांनी अंग घासलं असेल. शिकलेला, बंदूक जवळ असलेला, राज्य करणारा माणूससुद्धा न कळलेल्या खुणेला भितो. ज्याच्या मनात आधीच भीती असते त्याला खूण तीच भीती वाचून दाखवते.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९६ मध्ये, मुंबईत प्लेग आला. सप्टेंबरमध्ये मांडवी भागात डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. मग घरांच्या भिंतींवर खुणा पडायला लागल्या. ज्या घरात प्लेगचा रोगी निघाला त्या घरावर वर्तुळ आणि त्यात तारीख. एकेका चाळीच्या दारावर वर्तुळांची रांग लागायची. जी घरं राहायला अयोग्य ठरली त्यांच्यावर यू, एच, एच ही तीन इंग्रजी अक्षरं रंगवायचे. राहायला अयोग्य, एवढाच त्याचा अर्थ. पण ज्याचं घर होतं त्याला तो कुणी सांगितला नव्हता. सांगायला आले ते शिपाई, आणि ते माणूस उचलून न्यायला आले.

मग काय उठायचं ते उठलं. दवाखान्यात नेलेला माणूस परत येत नाही, ही गोष्ट पुष्कळदा खरी होती, कारण प्लेगवर औषधच नव्हतं. पण तिच्यावर भुमका बसली, की तिथं माणसाला उलटं टांगून त्याची मोमिआई काढतात, म्हणजे अंगातलं तेल काढून औषध करतात. २९ ऑक्टोबर १८९६ ला गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावानं आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. नंतर १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा आला, पुण्यात गोरे सोजीर घराघरांत घुसले, स्वयंपाकघरं आणि देवघरं तुडवली, बायकांना उघड्यावर तपासलं. लोक रोगी लपवायला लागले. कुणी माळ्यावर लपवला, कुणी रातोरात गावाकडं पाठवला. लपवलेल्या रोग्याबरोबर रोगही गावोगाव पोचला.

त्याच वर्षी, त्याच पुण्यात, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांना दवाखान्यात आणत होत्या. त्यांचा मुलगा डॉक्टर यशवंत यानं हडपसरकडं दवाखाना उघडला होता. सावित्रीबाईंच्या बोलावण्यावर लोक रोगी बाहेर काढत, कारण ती बाई पन्नास वर्षं त्यांच्यात वावरलेली होती. रोग्यांची सेवा करतानाच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. एकच रोग, एकच शहर. वर्तुळ काढून जाणाऱ्यावर लोकांनी दगड घेतले आणि जवळ बसून बोलणारीच्या हाती पोटचं पोर दिलं. प्लेगच्या आवयांचा इतिहास वाचताना मला हा फरक सगळ्यात मोठा वाटतो.

स्वातंत्र्यानंतर हे शहाणपण हळूहळू सरकारला आलं. १९५३ साली हिवतापाविरुद्ध मोहीम सुरू झाली, घरोघर डीडीटी फवारलं जायचं आणि भिंतीवर तारीख टाकली जायची. आपल्या आज्या सांगतात, की पहिल्यांदा फवारेवाले आले तेव्हा पोरांना घेऊन बाया रानात जाऊन बसायच्या. १९९५ पासून पल्स पोलिओ आला. तुमच्या चौकटीवर खडूनं काढलेलं इंग्रजी पी अक्षर आठवतंय का? त्याचा अर्थ, या घरातल्या पाच वर्षांखालच्या सगळ्या पोरांना डोस मिळाला. फुली असली तर कुणीतरी राहिलंय, परत यायचं आहे. सोबतचा बाण म्हणजे टोळी कोणत्या दिशेनं पुढं गेली. जनगणनेच्या आधी घरांवर क्रमांक घालतात, तेही असंच.

पोलिओच्या डोसाबद्दलही देशात नाही नाही त्या आवया उठल्या, पोरांना पुढं मूल होणार नाही इथपर्यंत. त्या ओसरल्या त्या नुसत्या भिंतीवरच्या जाहिरातींनी नाही. डोस पाजणारी आणि दारावर खडू ओढणारी बाई गावचीच होती. अंगणवाडीताई होती, पुढं आशाताई आली. जिच्या पोरीचं बारसं आपण जेवलो ती खूण काढत होती. २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र जागतिक आरोग्य संघटनेकडून मिळालं. त्यात त्या खडूचा वाटा आहे.

आता आपल्या आजच्या रस्त्यावर येऊ. किलोमीटरच्या दगडाचा रंग कशाचा असतो हे गटाच्या बैठकीत विचारलं तर अर्ध्या बाया हसतात. तर ऐका. डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग. हिरवं असेल तर राज्य महामार्ग. काळं किंवा निळं असेल तर जिल्ह्याचा नाहीतर शहराचा रस्ता. नारिंगी असेल तर गावचा रस्ता, त्यातले बरेच २००० साली सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेतले. बस, एवढंच आहे. रंग बदलला म्हणजे रस्त्याचा मालक बदलला.

पुणे-नाशिक रस्त्याचा नंबर आधी ५० होता, आता ६० आहे. कल्याणहून माळशेज घाट चढून ओतूर, आळेफाट्याकडून जाणाऱ्या रस्त्याचा २२२ होता, तो ६१ झाला. २०१० साली देशातल्या महामार्गांना नवे नंबर दिले. उत्तर-दक्षिण जाणाऱ्याला सम आकडा, पूर्व-पश्चिम जाणाऱ्याला विषम. पाट्या बदलल्या आणि कितीतरी ठिकाणी लोकांना वाटलं की नवा रस्ता येतोय, घरं जाणार. रस्ता तोच होता.

आपल्याकडं अशी भीती लवकर पेटते, याला कारण आहे. आपला तालुका आंबेगाव, पण तहसील कार्यालय घोडेगावला. बाहेरचा माणूस पाटी बघून विचारतो, आंबेगाव कुठाय? काय सांगणार, पाण्याखाली आहे म्हणून. घोड नदीवर डिंभे धरण झालं आणि ज्या गावाचं नाव तालुक्याला आहे ते गावच बुडालं. आता त्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे. ज्या तालुक्यानं आपलं नावाचं गाव पाण्यात जाताना पाहिलंय, तिथं बांधावर दगड दिसला की बाईच्या पोटात कालवणारच. तिला कुणी अडाणी म्हणू नये. ती आठवण ठेवून आहे.

पण या भीतीवर दुसरेच लोक भाकरी भाजून घेतात. आमच्या एका गटातल्या बाईच्या शेताला लागून रस्त्याकडेला छोटे ठोकळे पुरले गेले. वर तीन इंग्रजी अक्षरं, ओ, एफ, सी. चार दिवसांत एक दलाल घरी हजर. जमीन जाणारच आहे, सरकार काय देईल सांगता येत नाही, मी रोख देतो, म्हणाला. घरातले पुरुष निम्म्यावर आले होते. बाईचं नाव सातबाऱ्यावर नव्हतं, म्हणून तिला विचारायचं कारणच कुणाला वाटलं नाही. ती बैठकीत बोलली. दहावी झालेल्या एका सुनेनं फोटो काढून चौकशी केली, तर अर्थ निघाला ऑप्टिकल फायबर केबल. खाली इंटरनेटची तार आहे, खोदू नका, एवढंच तो दगड सांगत होता. जमीन राहिली. ती सून वेळेवर घरी नसती तर तीन अक्षरांपायी बांध गेला असता.

म्हणून हे नीट लक्षात ठेवा. दगड पुरला म्हणजे जमीन गेली नाही. मोजणी झाली म्हणजेसुद्धा जमीन गेली नाही. भूसंपादनाचा २०१३ चा कायदा आहे. त्याच्या कलम ११ प्रमाणे आधी प्राथमिक अधिसूचना निघावी लागते. ती राजपत्रात येते, दोन दैनिकांत येते, ग्रामपंचायतीत लावली जाते. तिथून ६० दिवस हरकत घेता येते. महामार्गाचा आणि रेल्वेचा कायदा वेगळा आहे, पण कागद तिथंही काढावाच लागतो. पुणे-नाशिक रेल्वेचंच बघा. आपल्या भागातून मार्ग आखला, मोजण्या झाल्या. नंतर खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला अडथळा होतो म्हणून मार्ग बदलायचं ठरलं. त्या मोजणीच्या भुमकेवर ज्यांनी घाईनं व्यवहार केले असतील त्यांनी काय करायचं?

सगळ्याच आवया पोकळ असतात असंही मी म्हणणार नाही. जुन्नर वन विभागात रस्त्याकडेला फलक आहेत, बिबट्याचा वावर आहे, सावध राहा. त्या फलकांखाली उभं राहून लोक सांगतात, की बिबटे इथले नाहीतच, वन खातं बाहेरून आणून सोडतं. गाडी पाहिलेला माणूस प्रत्येक गावात सापडतो. खरं कारण आपल्या डोळ्यांसमोर आहे. धरणं झाली, कालवे आले, ऊस वाढला. ऊस म्हणजे बिबट्याच्या मादीला वर्षभर लपायची जागा, आणि वाडीवस्तीवर कुत्री, शेळ्या, डुकरं. पिल्लं उसातच जन्मतात.

तरी या आवईच्या पोटात खऱ्याचा एक दाणा आहे. २००१ च्या पुढं जुन्नर भागात हल्ले वाढले तेव्हा पकडलेले बिबटे दुसऱ्या जंगलांत नेऊन सोडले जायचे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला. जिथं सोडले तिथल्या आसपास माणसांवरचे हल्ले वाढल्याचं त्यांना दिसलं. म्हणजे बिबटे गाडीतून नेऊन सोडले जात होते, ही गोष्ट कुणाच्या डोक्यातून निघालेली नव्हती. लोकांनी अर्धं पाहिलं आणि उरलेलं जोडलं. आवई खोडायची असेल तर त्यातला खरा दाणा आधी मान्य करावा लागतो, नाहीतर पुढचं कुणी ऐकत नाही. आणि फलक मात्र खरा धरायचा. संध्याकाळी उसाच्या कडेनं बाईनं एकटं वाकून बसू नये, पोरांना मधे घेऊन चालावं, बोलत चालावं. भांडण वन खात्याशी करायचं तर करू, पण फलकाशी करून चालणार नाही.

शेवटची गोष्ट जड आहे, पण सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं साक्री तालुक्यातलं राईनपाडा. बाजाराचा दिवस होता. मोबाईलवर कित्येक दिवस एकच निरोप फिरत होता, की पोरं पळवणारी टोळी आलीय. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं त्या दिवशी बाजारात आली होती. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातली, भिक्षा मागत फिरणारी. लोकांना संशय आला. जमावानं पाचही जणांना मारून टाकलं. त्यांच्याजवळ कुणाचं पोर नव्हतं.

हे लोक पिढ्यान् पिढ्या आपल्या रस्त्यांवरून चालत आलेत. भगवा वेश, झोळी, डमरू ही त्यांची खूण होती. आपल्या आज्या ती ओळखायच्या आणि सुपातलं पसाभर धान्य घालायच्या. ती ओळख मधल्या काळात पुसली गेली, आणि खूण तीच राहिली. वाचता न येणारा लेख जसा मुका होतो, तसा माणूसही मुका होतो. मग त्याच्याबद्दल दुसरेच लोक गोष्ट रचतात. २०२४ च्या पावसाळ्यात आपल्या आंबेगाव, जुन्नर, शिरूरकडं रात्री आकाशात ड्रोन दिसत होते आणि चोर घरं हेरतात असं घरोघर झालं होतं. गावोगाव तरुण पोरं काठ्या घेऊन जागत होती. त्या रात्री एखादा वाट चुकलेला परका माणूस समोर आला असता तर काय झालं असतं, याचा विचार आपण बायांनी करायला हवा. जमावात पुरुष असतात हे खरं. पण निरोप पुढं ढकलणाऱ्या बोटांत आपलीही बोटं असतात, आणि पोरांची काळजी हेच कारण आपण सांगतो.

तर मैत्रिणींनो, माझं मागणं मोठं नाही. आपापल्या गटाच्या वहीत शेवटचं एक पान या कामाला ठेवा. गावात नवी खूण दिसली, दगड असो, रंग असो, फलक असो, दारावरचा खडू असो, की ती लिहायची. कुठं दिसली, कोणत्या तारखेला. मग ग्रामसेवकाला, तलाठ्याला किंवा सरपंचाला तीन गोष्टी विचारायच्या. खूण कुणी केली, कशासाठी केली, आणि त्याचा कागद कुठं आहे. उत्तर मिळालं की तेही त्याच पानावर लिहायचं आणि बैठकीत मोठ्यानं वाचायचं. उत्तर मिळेपर्यंत सही नाही, व्यवहार नाही, आणि मोबाईलवरचा निरोप पुढं पाठवणं नाही. सांगायचं काम खूण करणाऱ्याचं आहे, आणि विचारायचा हक्क आपला आहे.

नाणेघाटातल्या राणीनं आपला हिशेब दगडावर लिहिला. आपला वहीत लिहू. पुढच्या बैठकीला वही आणताना पहिली नोंद करूनच आणा.